पाळोळे, पाटणे की आगोंद? दक्षिण गोव्यातला आपला किनारा कसा निवडायचा

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.)

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो. “चार जण आहोत, पाठीवर सॅक, बजेट कमी, दक्षिण गोव्यात कुठला बीच घेऊ?” आणि खाली चार-पाच रीलच्या लिंक. प्रत्येक रीलमध्ये माड, मावळता सूर्य आणि पांढरी वाळू. सगळं सारखंच दिसतं. मग माणूस हटचे दर बघतो, सगळ्यात स्वस्त निवडतो आणि निघतो.

आज फक्त काणकोण तालुक्याबद्दल बोलणार आहे. गोव्याचा सगळ्यात खालचा तालुका, त्याच्याखाली लगेच कारवार. उत्तरेकडून दक्षिणेकडे या: खोला, आगोंद, पाळोळे, कोळंब, पाटणे, राजबाग, तळपण, गालजीबाग. आगोंदपासून गालजीबागपर्यंत सरळ रेषेत पंधरा किलोमीटरसुद्धा अंतर नाही. पण एका किनाऱ्यावर लहान पोरं कंबरभर पाण्यात फुटबॉल खेळतात आणि शेजारच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून चांगला धट्टाकट्टा माणूस पाय निसटून पडतो. असं का, ते एकदा कळलं की किनारा निवडणं सोपं जातं. शिवाय जीव सांभाळायलाही तेच उपयोगी पडतं. कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही, आणि आलंच तर ते तलावात शिकलेलं असतं.

आधी नावांचं एक सांगून टाकतो. नकाशावर तुम्हाला ‘पालोलेम’ आणि ‘पाटनेम’ दिसेल. शेवटचा तो ‘म’ खरं तर ‘म’ नाहीच. कोंकणीत ते पाळोळें, पाटणें, शेवटी अनुनासिक. पोर्तुगीज लिखाणात नाकातला स्वर दाखवायला शेवटी ‘एम’ लावतात, तो इंग्रजी वाचणाऱ्यांनी उच्चारला आणि तसाच चिकटला. बसमध्ये कंडक्टरला ‘पाळोळें’ म्हणून बघा, चेहऱ्यावर जरा हसू येतं. मराठी येणाऱ्याला गोव्यात हा एक फायदा आहे, तो वापरा.

किनाऱ्याचा आकार बघा

मॅप उघडा, सॅटेलाइटवर टाका आणि पाळोळे बघा. जवळजवळ अर्धचंद्र. दोन्ही टोकांना खडकाळ डोंगराची सोंड समुद्रात गेलेली आणि उत्तरेच्या टोकाला एक छोटं हिरवं बेट. समुद्रातून येणारी लाट या सोंडांवर आणि बेटावर आपला बराच जोर खर्च करते. जे उरतं ते आत येऊन पसरतं. त्यात इथली वाळू अगदी हळूहळू उतरत जाते. पाणी उथळ असलं की लाटेचा तळ वाळूला घासतो, लाट लांबवरच फुटते आणि तुमच्यापर्यंत येते ती नुसती फेसाची चादर. म्हणून पाळोळ्याला हिवाळ्यात समुद्र बराचसा तळ्यासारखा वागतो. कयाक भाड्याने घेऊन पहिल्यांदाच वल्हं हातात धरणाऱ्यांसाठी याहून बरी जागा या पट्ट्यात नाही.

आता आगोंद बघा. सुमारे तीन किलोमीटरची जवळजवळ सरळ रेघ, तोंड थेट पश्चिमेला, समोर आडोसा काही नाही. वाळूचा उतारही तीव्र. तीव्र उतारावर लाटेला आधी फुटायला जागाच मिळत नाही. ती सगळा जोर घेऊन थेट काठावर येते आणि तिथे आपटते. मग तेच पाणी उतारावरून खाली धावतं आणि पायाखालची वाळू घेऊन जातं. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे आहात, परतणारं पाणी पाय ओढतंय आणि त्याच वेळी समोरून पुढची लाट छातीवर येतेय. पोहता येणं न येणं इथे दुय्यम ठरतं. काठावर आपटणाऱ्या अशा लाटेत डोक्यावर पडलात तर मानेला इजा होऊ शकते. म्हणून आगोंदला धावत जाऊन सूर मारणं हा प्रकार नको.

याचा अर्थ आगोंद वाईट असा अजिबात नाही. मला विचाराल तर या सगळ्या ओळीतला सगळ्यात देखणा किनारा तोच. फक्त तो बघायचा, चालायचा, वाचत पडायचा किनारा आहे.

पाळोळ्याच्या दक्षिणेला कोळंबची छोटीशी खडकाळ वाकण ओलांडली की पाटणे लागतं. चालत वीस-पंचवीस मिनिटं. पाळोळ्याहून लहान, थोडं जास्त उघडं, लाटा थोड्या मोठ्या. गर्दी मात्र बरीच कमी. त्यापुढे राजबाग: लांब, मोकळा, मागे पंचतारांकित रिसॉर्ट, आपल्या बजेटचं तिथे फारसं काही नाही. चालायला जा.

राजबागच्या दक्षिण टोकाला तळपण नदी समुद्राला मिळते आणि पुढे गालजीबागलाही नदीचं मुख आहे. नदीच्या मुखाजवळ दृश्य फार शांत असतं. सुरूची झाडं, वाळूचे दांडे, कालवं काढणारी माणसं. पण ओहोटी लागली की खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडायला लागतं आणि त्याची ओढ वरून दिसत नाही. नदीच्या तोंडाशी पोहायचं नाही, कितीही सपाट दिसो. कोकणात वाढलेल्यांना हे घरी सांगितलेलं असतं. पुण्या-नागपूरहून येणाऱ्यांना सांगायला कोणी नसतं, म्हणून मी सांगतोय.

शांत दिसणारी पट्टी

रिप करंट हा शब्द तुम्ही ऐकला असेल. लाटांबरोबर काठाशी आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते सगळीकडून सारखं परत जात नाही. वाळूच्या दांड्यात जिथे खाच असेल किंवा खडकाच्या कडेने जिथे वाट मिळेल, तिथून ते एका पट्ट्यात जोरात मागे जातं. जोर किती? काही वेळा सेकंदाला दोन मीटरपर्यंत. ऑलिंपिकमधला पोहणारासुद्धा त्याच्या उलट दिशेने फार काळ टिकणार नाही.

गंमत अशी की ही जागा काठावरून सगळ्यात सुरक्षित वाटते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, पांढरा फेस आहे, आणि मध्ये एक पट्टा गडद, सपाट, लाटाच नाहीत. नवखा माणूस म्हणतो, चला, इथे लाटा कमी आहेत. आणि नेमका तिथेच उतरतो. म्हणून पाण्यात जाण्याआधी पाच मिनिटं उंचावर उभे राहा. शॅकची पायरी चालेल. बघा, फेस किंवा गढूळ वाळू कुठे समुद्राकडे वाहतेय का.

सापडलात तर? हा प्रवाह तुम्हाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेतो. माणूस बुडतो तो काठाकडे पोहून पोहून दमल्यामुळे. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करा. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा, कारण हा पट्टा सहसा फार रुंद नसतो. त्यातून बाहेर पडलात की मग तिरके काठाकडे या. आणि मित्र सापडला असेल तर तुम्ही उडी मारू नका. हे ऐकायला कठोर वाटतं, पण वाचवायला गेलेला माणूस स्वतः बुडण्याचे प्रकार सगळ्याच किनाऱ्यांवर घडतात. जीवरक्षकाला हाक मारा आणि तरंगेल असं काहीतरी फेका: बॉल, झाकण लावलेलं रिकामं पाण्याचं कॅन, कयाकवाल्याकडचं जॅकेट.

गोव्यात किनाऱ्यांवर सरकारने नेमलेले ‘दृष्टी’ संस्थेचे जीवरक्षक २००८ पासून आहेत. लाल-पिवळे दोन झेंडे दिसले तर त्यांच्या मधल्या भागात पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. त्यांची ड्युटी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. आणि बिअर घेऊन ‘आता जरा पाय भिजवून येऊ’ असं आपल्याला नेमकं त्यानंतरच सुचतं.

तिथी विचारा

पाळोळ्याच्या उत्तर टोकाचं ते बेट सांगितलं ना, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. वाळू आणि खडक उघडे पडतात, पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. सगळ्यांना जायचं असतं. प्रश्न वेळेचा. भरती-ओहोटीची अॅप आहेत, पण नेट नसेल तर आपल्याकडे कोकणात चालणारा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. तिथून सहा-सव्वासहा तास मोजले की पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊ-सव्वानऊच्या आसपास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. दर दिवशी वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, त्यामुळे हा पाऊणचा पाढा जुळतो. ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. भिंतीवर कालनिर्णय असलेल्या कुठल्याही घरात विचारलंत तर तिथी मिळेल.

आता याच हिशेबाने पुढे जा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. त्या दिवशी पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. बेटावर जायला वाट मोकळी आणि समोर सूर्यास्त. रीलवाल्यांचं स्वप्नच. पण सूर्य बुडेपर्यंत थांबलात की पाणी परत चढायला लागलेलं असतं, अंधार पडत असतो आणि पायाखाली शेवाळलेले खडक. उधाणाला पाणी चढतंही भराभर. म्हणून ओहोटीच्या पूर्ण वेळेआधी तासभर जा आणि ती वेळ झाली की परत फिरा. सूर्यास्त किनाऱ्यावरूनही तोच दिसतो.

उलट अष्टमीच्या आसपास भांग. पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. त्या दिवसांत दुपारी बाराला ओहोटी असली तरी वाट नीट उघडी पडेलच असं नाही. वाटेत कंबरभर पाणी दिसलं तर फोन डोक्यावर धरून जायचं धाडस नको, कयाक घ्या.

रात्र कुठे काढायची

पाळोळ्याला सगळं आहे. हॉस्टेल, हट, स्कूटर, एटीएम, दोन वाजेपर्यंत जागी असलेली मंडळी. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, त्यावर इथे काढलेला तोडगा मला फार आवडतो. दक्षिण टोकाजवळ हेडफोन लावून नाचण्याची पार्टी होते. दोनशे माणसं नाचतायत आणि बाहेरून बघणाऱ्याला ऐकू येतात फक्त पावलं आणि बेसूर गाणारे काही जण. एकट्याने फिरणाऱ्याला ओळखी करायच्या असतील तर पाळोळेच. पण पहिल्या रांगेतली हट घेतलीत तर झोपेची हमी मागू नका.

पाटणे हा माझ्या मते चार जणांच्या ग्रुपसाठी मधला मार्ग. झोप पाटण्याला, गंमत पाळोळ्याला, मध्ये वीस मिनिटांची चाल. दर साधारणपणे किनाऱ्यापासून दोन गल्ल्या मागे गेलात की उतरतात, आणि हे तिन्ही ठिकाणी खरं आहे. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात मात्र काणकोणात काहीच स्वस्त नसतं. त्या आठवड्याचे दर बघून ‘गोवा परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी पंधरा जानेवारीचे बघावेत.

आगोंदला रात्री लवकर अंधार होतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. आगोंद आणि गालजीबाग या दोन किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. वन खात्याची माणसं त्या जागेला कुंपण घालून राखण करतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालायला लागतात. लाखो वर्षं तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा होता. आता मागे शॅकचा बल्ब असेल तर पिल्लं उलटी, माणसांकडे चालतात. आपल्याकडे वेळासचा कासव महोत्सव ज्यांनी पाहिलाय त्यांना हे माहीत असेल. तर आगोंदला राहणार असाल तर रात्री किनाऱ्यावर टॉर्च, फ्लॅश, शेकोटी नको. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या यादीत. पिल्लू हातात घेऊन काढलेला सेल्फी भलताच महाग पडू शकतो.

ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी पाळोळ्याला राहावं आणि आगोंदला दिवसा जाऊन यावं. रस्त्याने आठ-दहा किलोमीटर, वळणावळणाचा, सुंदर रस्ता. स्कूटर घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना बघा. तीच भाड्याने द्यायची अधिकृत गाडी. पांढऱ्या प्लेटची ‘मित्राची गाडी’ पोलिसांनी अडवली की दंड तुमच्या सुट्टीतून जातो.

गालजीबागला राहायला फारसं काही नाही. असू नये, असं माझं मत आहे. सकाळी जा, सुरूच्या सावलीत बसा, मासे खा, या. खोल्याला किनाऱ्यामागे गोड्या पाण्याचं तळं आहे, तिथे जायचा शेवटचा रस्ता खडबडीत, नव्या स्कूटरवाल्यांनी जपून. तिथली लाल मिरची मिळाली तर घरच्यांसाठी आणा, तिला जीआय मानांकन आहे. आई खूश होईल, पुढच्या ट्रिपची परवानगी सोपी जाईल.

आलेले काही प्रश्न

“कसं जायचं?” मुंबईहून कोकणकन्या किंवा मांडवीने मडगाव. पुण्याहून गोवा एक्सप्रेस मडगावला थांबते. कारवारकडे जाणाऱ्या काही गाड्या थेट काणकोण स्टेशनला थांबतात, तिथून पाळोळे तीनेक किलोमीटर. तुमची गाडी थांबते का हे तिकीट काढतानाच बघा. नाहीतर मडगावच्या कदंब स्टँडवरून काणकोणची बस, दीड तासाच्या आसपास. उतरायचं चावडीला, तो इथला बाजार. पुढे पाळोळ्याला रिक्षा मिळते, आगोंदच्या बस कमी आहेत. विमानाने येणार असाल तर तिकिटावर विमानतळ वाचा. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आहे, तिथून काणकोण शंभर किलोमीटरहून जास्त. तिकिटात वाचलेले हजार रुपये टॅक्सीवाला सव्याज वसूल करतो. दाबोळी जवळ.

“मे महिन्यात येऊ का? परीक्षा तेव्हाच संपते.” येऊ शकता, दर कमी असतात. पण किनाऱ्यावरच्या हट कायमच्या नसतात, पावसाआधी उतरवतात आणि पाऊस संपल्यावर पुन्हा उभ्या करतात. मेच्या उत्तरार्धात तुमच्या डोक्यावरच खिळे काढणं चालू असेल. समुद्रही तोवर बदललेला असतो. पाळोळ्याचं जे तळं मी मघाशी सांगितलं ते हिवाळ्यातलं. जून ते सप्टेंबर यातल्या कुठल्याही किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं नाही. स्थानिक होड्यासुद्धा काठावर चढवलेल्या असतात, आणि यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदीच असते. त्यामुळे त्या काळात थाळीतला ‘ताजा’ मासा कुठला, हा प्रश्न हळूच विचारून बघा.

“आम्ही दोघी मैत्रिणी आहोत, कुठे?” पहिल्या दोन रात्री पाटणे, रस्त्यापासून जवळची आणि मालकाचं कुटुंब शेजारीच राहतं अशी जागा. अशा बऱ्याच जागा आहेत, फोनवर सरळ विचारा. बेटाला आणि पाळोळ्याला दिवसा जा. पाळोळ्याहून रात्री परतताना कोळंबच्या खडकांवरून यायचं नाही, मागच्या रस्त्याने रिक्षाने या. भरती असेल तर ती खडकांची वाट निम्मी पाण्यात असते आणि तिथे दिवे नाहीत. नंतरच्या दोन रात्री आगोंद, पुस्तक घेऊन.

गोकर्णबद्दलही खूप जणांनी विचारलंय. कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज, तिथे डोंगरातून एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर चालत जायची वाट आहे. ते पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुम्ही जाणार असाल त्या आठवड्याच्या तिथ्या बघून ठेवा आणि गुणाकार करून मला पाठवा. कोणाची भरती चुकतेय ते बघू.